चार रूबल, साल एकच: १८९८ च्या एका लॉटची तपासणी

लॉटमध्ये चार नाणी होती. चारही चांदीचे रूबल. दर्शनी बाजूला दुसऱ्या निकोलाय झारचा डावीकडे पाहणारा चेहरा, मागे दोन डोक्यांचा गरुड, त्याखाली गोलाईत ‘रूबल’ हा शब्द आणि १८९८ हे साल. सोबतच्या चिठ्ठीवर एवढेच लिहिले होते: ‘रूबल १८९८, चार नग, सेंट पीटर्सबर्ग टांकसाळ.’ चारही नगांना भाव एकच लावलेला. घेणाऱ्याचा प्रश्न सरळ होता. चारही नाणी सारखीच असतील तर चार कशाला घ्यायची?

तपासणी झाल्यावर चिठ्ठी एका नाण्यापुरतीच खरी ठरली. एक नाणे सेंट पीटर्सबर्गचे, एक पॅरिसचे, एक ब्रसेल्सचे निघाले आणि चौथे कुठल्याच टांकसाळीचे नव्हते. नुसते चेहरा आणि गरुड पाहून यातले काहीही कळत नाही. टांकसाळ कळते ती कडेवरून. अस्सल-नकलीचा निकाल मात्र कड, वजन, जाडी आणि घनता एकत्र ठेवल्यावरच लागतो. ती तपासणी कशी केली, कुठे चुकायला जागा होती आणि कोणती चाचणी किती भरवशाची, ते पुढे दिले आहे.

नाणे कसे असायला हवे

नाणे हातात घेण्याआधी त्याचे मूळ माप पाठ असावे. १८८५ च्या डिसेंबरात रशियाने नाण्यांचा नवा कायदा केला आणि १८८६ पासून रूबल ९०० टंचाच्या, म्हणजे हजारात नऊशे भाग शुद्ध असलेल्या, चांदीत पडू लागला. वजन २० ग्रॅमला किंचित कमी (१९.९९६), व्यास ३३.६५ मिलिमीटर. त्याआधी, पावेल झारच्या १७९८ च्या रूबलपासून १८८५ पर्यंत, रूबल ८६८ टंचाचा आणि २०.७३ ग्रॅमचा होता. म्हणजे जुने नाणे थोडे मोठे आणि थोड्या हलक्या कसाचे. शुद्ध चांदी मात्र दोन्हींत तितकीच, १८ ग्रॅमला नखभर कमी.

घरात राणीछाप रुपया असेल तर हातानेच तुलना करता येते. तो रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा, आणि ९१७ टंचाचा. रूबल त्याच्या पावणेदोनपटीच्या आसपास भरतो, पण कस किंचित हलका.

रशियन मापे समजली की कडेवरचा मजकूरही आपोआप समजतो. एक झोलोत्निक म्हणजे ४.२६६ ग्रॅम. त्याचे ९६ भाग केले की एक भाग म्हणजे एक दोल्या. रूबलच्या कडेवर खोदलेले असते: ‘चिस्तागो सेरेब्रा ४ झोलोत्निका २१ दोल्या’, म्हणजे शुद्ध चांदी ४ झोलोत्निक २१ दोल्या. हिशेब करून पाहा. ४ गुणिले ९६ म्हणजे ३८४, त्यात २१ मिळवले की ४०५ दोल्या. एक दोल्या ०.०४४४३ ग्रॅमची, म्हणून १७.९९६ ग्रॅम शुद्ध चांदी. हे एकूण वजनाच्या नव्वद टक्के, म्हणजे एकूण वजन १९.९९६. टांकसाळीने नाण्याचे वजनपत्र नाण्याच्याच कडेवर कोरून दिले आहे. अर्ध्या रूबलच्या, म्हणजे पोल्तिनाच्या कडेवर बरोबर निम्मे असते: २ झोलोत्निक साडेदहा दोल्या.

कड कशी वाचायची

रूबलचा परीघ साधारण १०५.७ मिलिमीटर भरतो. तो एका नजरेत येत नाही, आणि बहुतेक चुका इथेच होतात. माणूस एक-दोन शब्द पाहतो, अक्षरे ओळखीची वाटत नाहीत, आणि नाणे पुन्हा पाकिटात जाते. रीत अशी: नाणे अंगठा आणि मधल्या बोटाच्या चिमटीत, दोन्ही सपाट बाजूंना स्पर्श न होता, कडेवर धरायचे. उजेड समोरून नको, एका बाजूने तिरपा हवा, कारण अक्षरे खोलगट आहेत आणि सावली पडली तरच ती उठून दिसतात. दहा पट भिंगातून पाहत नाणे हळूहळू फिरवायचे. फोटो काढायचे तर सहा काढावेत, प्रत्येकात दोन सेंटिमीटरच्या आसपास कड येईल आणि शेजारच्या फोटोशी थोडी जुळेल असे.

मराठी वाचकाला रशियन अक्षरांची भीती वाटायचे कारण नाही. मजकूर ठरलेला आहे, त्यामुळे आकार लक्षात ठेवले की काम भागते. ‘चिस्तागो’तले ‘च’ वरून उघड्या असलेल्या इंग्रजी चारच्या आकड्यासारखे दिसते. ‘सेरेब्रा’ इंग्रजी अक्षरे समजून वाचायला गेलात तर भलताच शब्द तयार होतो, कारण रशियन ‘स’ इंग्रजी ‘सी’सारखा आणि ‘र’ इंग्रजी ‘पी’सारखा लिहितात. ‘दोल्या’तले शेवटचे अक्षर म्हणजे उलटा केलेला ‘आर’. आणखी एक खूण: ‘चिस्तागो’त ‘त’नंतर ‘अ’ आहे. आजच्या रशियन लेखनात तिथे ‘ओ’ येतो. १९१८ च्या लेखनसुधारणेआधीची ही वळणे आहेत. दर्शनी बाजूच्या ‘इम्पेरातोर’ या शब्दाच्या शेवटीही एक न उच्चारले जाणारे अक्षर असते, तेही त्याच सुधारणेने गेले. जुन्या नाण्यावर नवे लेखन सापडले तर पुढे काही तपासायची गरज उरत नाही.

मजकूर संपला की कंसात दोन अक्षरे येतात किंवा तारे येतात. या प्रकरणाची किल्ली तीच.

दोन अक्षरे असली तर ती सेंट पीटर्सबर्ग टांकसाळीच्या नाणेअधिकाऱ्याची आद्याक्षरे. ‘अ. ग.’ म्हणजे अपोलोन ग्रासगोफ, १८८३ ते १८९९. ‘फ. झ.’ म्हणजे फेलिक्स झालेमान, १८९९ ते १९०१. ‘अ. र.’ म्हणजे अलेक्सांद्र रेद्को, १९०१ ते १९०५. ‘ए. ब.’ म्हणजे एलिकुम बाबायान्त्स, १८९९ ते १९१३. ‘व. स.’ म्हणजे व्हिक्टर स्मिर्नोव्ह, १९१३ पासून साम्राज्याच्या शेवटापर्यंत. ही यादी संग्राहकाने खिशात ठेवावी. नाण्यावरचे साल आणि कडेवरचा माणूस एकमेकांशी जुळतो का, हा पहिला प्रश्न तिच्यामुळे अर्ध्या मिनिटात सुटतो. १९२१ च्या सोव्हिएत रूबलच्या कडेवर पुन्हा ‘अ. ग.’ दिसतात, पण ते ग्रासगोफ नव्हेत. ते आर्तुर हार्टमान.

अक्षरांऐवजी एक तारा असला तर नाणे पॅरिसचे, दोन तारे असले तर ब्रसेल्सचे. अर्थमंत्री सेर्गेई विट्टे रूबल सोन्याच्या पायावर आणत होते, त्या काळात चांदीच्या सुट्या नाण्यांची मागणी एवढी वाढली की एकट्या सेंट पीटर्सबर्गला ती झेपेना. म्हणून १८९६ ते १८९९ या वर्षांत रशियाची चांदीची नाणी पॅरिस आणि ब्रसेल्सच्या टांकसाळींतही पाडून घेतली गेली. ठसे रशियाचे, धातूचा कस तोच, वजन तेच. फरक फक्त कडेवरच्या ताऱ्यांचा. १८९८ हे साल या तिन्ही ठिकाणी पडले, आणि लाखोंच्या संख्येने पडले. म्हणूनच एकाच सालाच्या लॉटमध्ये तिन्ही एकत्र सापडणे अजिबात दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ते कोणी कड वाचलेली असणे.

१८९८ चाच, पण अगदी निराळा असा आणखी एक रूबल आहे. मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये दुसऱ्या अलेक्सांद्रचे स्मारक उभारले गेले, त्या निमित्ताने काढलेला. तो फार थोडा पडला आणि त्यावर स्मारकाचे चित्र आहे, त्यामुळे या लॉटशी त्याची गल्लत व्हायचे कारण नाही. पण जुन्या यादीत नुसते ‘रूबल १८९८’ एवढेच लिहिलेले पाहून उगाच हुरळून जाऊ नये.

लॉटमधल्या चारही कडा वाचल्यावर निघाले ते असे. पहिल्या नाण्यावर ‘अ. ग.’. दुसऱ्यावर एक तारा. तिसऱ्यावर दोन तारे. चौथ्यावर दोन अक्षरे, जी घाईत इंग्रजी आकड्यांत लिहिलेल्या छत्तीससारखी दिसतात. रशियन ‘ए’ म्हणजे पाठ गोल असलेला, उजवीकडून डावीकडे तोंड केलेला इंग्रजी ‘ई’. मधली आडवी रेघ नीट पाहिली नाही तर तो तीनच वाटतो. ‘ब’ तर हुबेहूब सहा. म्हणजे चौथे नाणे ‘ए. ब.’चे, बाबायान्त्स यांचे. पण त्यांची अक्षरे नाण्यांवर येऊ लागली १८९९ पासून, आणि नाण्यावर साल आहे १८९८.

इथे थांबून निकाल द्यायचा मोह होतो. तो टाळावा. टांकसाळीतही चुका होत. कडेचा मजकूर नाण्याच्या चकतीवर आधी उमटवला जाई आणि ठसा नंतर पडे, त्यामुळे एका सालाची कड आणि दुसऱ्या सालाचा ठसा एकत्र येण्याची शक्यता कागदावर तरी उरते. न जुळणारी अक्षरे संशयाला पुरेशी असतात, निकालाला नसतात. निकाल धातू देतो.

मोजमापे

लागणारे सामान थोडे आहे: शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, व्हर्निअर कॅलिपर, काचेचा पेला, बारीक नायलॉन दोरा आणि एक छोटे पण जोरकस निओडिमियम चुंबक. कॅलिपरच्या धातूच्या जबड्यांत नाणे दाबू नये, मध्ये पातळ कागद धरावा आणि कागदाची जाडी वजा करावी.

वजने अशी आली. ‘अ. ग.’ १९.९१ ग्रॅम, पॅरिसचे १९.८७, ब्रसेल्सचे १९.६२, चौथे १९.९४.

हा या प्रकरणातला सर्वांत घातक टप्पा. चारांत सर्वांत बरोबर वजन चौथ्याचे भरले! ब्रसेल्सचे नाणे बरेच वापरलेले, झिजून जवळपास दोन टक्के उतरलेले; नुसत्या काट्यावर विश्वास ठेवला असता तर संशय त्याच्यावर गेला असता आणि चौथे निर्धास्त आत आले असते. वजन कमी असेल तर खूप काही कळते. वजन बरोबर असेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. नकल करणाऱ्याकडेही काटा असतोच.

व्यास चारही नाण्यांचा ३३.६ च्या आसपास. मग जाडी. कडेशी मोजली तर पहिले २.६२ मिलिमीटर, दुसरे २.६०, तिसरे २.५८ आणि चौथे २.९८. व्यास तोच, वजन तेच आणि जाडी तिघांपेक्षा जवळजवळ पंधरा टक्के जास्त, याचा अर्थ धातू हलका आहे आणि वजन भरून काढायला चकती जाड केली आहे. चारही नाणी टेबलावर एकमेकांवर ठेवली आणि डोळा कडेच्या पातळीला आणला तर हा फरक उपकरणाशिवायही दिसतो.

आता घनता. पेल्यात दोन तृतीयांश पाणी घ्यावे, पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे दोऱ्याच्या फासात अडकवून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असे हातात, शक्यतो एखाद्या स्टँडवर, लटकत ठेवावे. काटा जो आकडा दाखवतो तितके ग्रॅम पाणी नाण्याने बाजूला सारलेले असते. नाण्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर उत्तराला ०.९९७ ने गुणावे.

९०० टंचाच्या चांदी-तांब्याच्या मिश्रणाची घनता १०.३१ असते. काट्याने दाखवलेले आकडे: पहिले १.९३, दुसरे १.९२, तिसरे १.९०. हिशेब केला की १०.२९, १०.३२ आणि १०.३०. शतांश ग्रॅमच्या काट्यावर इतका फरक चालतो, कारण शेवटच्या आकड्यात एकाची चूक झाली तरी उत्तर ०.०५ ने हलते. झिजलेले ब्रसेल्सचे नाणे इथे स्वच्छ सुटले. झीज वजन खाते, घनता खात नाही. चौथ्याने पाणी सारले २.२३ ग्रॅम. घनता ८.९१. ही चांदी नव्हे.

या चाचणीत बिघडते काय, तर बहुधा बुडबुडे. गरुडाच्या पंखांच्या खाचांत आणि कडेच्या अक्षरांत हवा अडकते, नाणे जास्त पाणी सारते आणि अस्सल नाण्याची घनता १०.१ किंवा त्याहून खाली दिसते. पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकावा आणि नाणे आधी त्यात बुडवून हलवावे, म्हणजे हवा निघून जाते. दुसरी चूक म्हणजे नाणे तळाला टेकणे. मग काटा नाण्याचेच वजन दाखवू लागतो आणि आकडा एकदम फुगतो. जाड सुती दोरा पाणी पितो, म्हणून नायलॉन. प्रत्येक नाणे तीनदा मोजून मधला आकडा घ्यावा.

या चाचणीची मर्यादाही माहीत असावी. ८६८ टंचाची घनता १०.२६ येते, म्हणजे १८८५ आधीचा आणि नंतरचा कस घरगुती काट्यावर वेगळा करता येत नाही. त्यासाठी वजन आणि व्यास पाहावा. खऱ्या चांदीत केलेली नकलही घनतेत पास होते. अशा नकला असतात, विशेषतः महाग सालांच्या आणि स्मारक नाण्यांच्या. तिथे ठशाचा बारीक अभ्यास आणि जाणकाराची नजर यांना पर्याय नाही. वीस, पंधरा आणि दहा कोपेकची (कोपेक म्हणजे रूबलचा शंभरावा भाग) छोटी नाणी मात्र १८६७ पासून ५०० टंचाचीच आहेत, त्यांची घनता ९.६७ च्या आसपास. ती १०.३ भरत नाही म्हणून चांगले नाणे टाकून देऊ नये. त्यांच्या गरुडाखाली टांकसाळीची किंवा नाणेअधिकाऱ्याची अक्षरे दर्शनीच असतात, जपानच्या ओसाकात पडलेली १९१६ ची नाणी सोडली तर. कड वाचायची गरज मोठ्या नाण्यांनाच.

चुंबकाची चाचणी बहुतेक लोक अर्धवट करतात. चुंबक चिकटला नाही म्हणजे चांदी, असे धरले जाते. चौथ्यालाही चुंबक चिकटला नाही. तांबे, पितळ, तांबे-निकेलचे नेहमीचे मिश्रण, यांपैकी कशालाच तो चिकटत नाही. खरी चाचणी घसरण्याची आहे. नाणे ४५ अंशांच्या उतारावर धरून वर निओडिमियम चुंबक सोडावा. चांदीत वीज फार सहज वाहते, त्यामुळे सरकणारा चुंबक स्वतःलाच रोखणारे प्रवाह धातूत निर्माण करतो आणि मधात पडल्यासारखा हळू उतरतो. तिन्ही नाण्यांवर तो असाच रेंगाळला. चौथ्यावरून सटकन खाली आला. तांब्याच्या गाभ्यावर चुंबक रेंगाळला असता, कारण तांब्यातही वीज उत्तम वाहते. घनता ८.९ आणि चुंबक सटकतो, या दोन्हींचा मेळ तांबे-निकेलच्या मिश्रणाशी बसतो. तो धातू मुळातच पांढरट, म्हणून वरचा चांदीचा मुलामा झिजला तरी खालून लाल किंवा पिवळा रंग डोकावत नाही.

नाणे वाजवून घ्यायची जुनी रीत वाईट नाही, पण फरशीवर आपटू नये. बोटाच्या टोकावर तोलून धरावे आणि कडेला लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारावी. चांदीचा नाद लांबतो. कान तयार व्हायला मात्र आधी खात्रीची दहा-वीस नाणी वाजवलेली हवीत. सोनाराकडे नेऊन कसोटीवर रेघ ओढणे आणि तेजाब टाकणे हे तर मुळीच करू नये. दागिन्याला ते चालते, कारण दागिना वितळणारच असतो. नाण्याच्या कडेवरचा एक ओरखडा त्याची निम्मी किंमत घेऊन जाऊ शकतो.

चौथे नाणे भिंगाखाली

धातूचा निकाल लागल्यावरही नाणे पुन्हा पाहावे, कारण पुढच्या वेळी काटा जवळ असेलच असे नाही. झारच्या कानावरचे केस हा चेहऱ्यातला सर्वांत उंच भाग. अस्सल नाणे वापरात झिजले की आधी हे केस सपाट होतात आणि तिथली चमकही जाते. ‘अ. ग.’ नाण्यावर तसेच दिसते: केसांच्या बटा थोड्या बुजलेल्या, त्यावर करडी मंद झाक आणि आजूबाजूच्या खोलगट जागेत, अक्षरांच्या आडोशाला, मूळची चमक शाबूत. चौथ्यावर केस बुजलेले आहेत, दाढीचे टोक गुळगुळीत आहे, पण त्याच बुजलेल्या जागेवर चमक नवीकोरी, सगळीकडे एकसारखी. झीज आहे आणि झिजल्याची खूण नाही. ही झीज या नाण्याची नव्हेच. ज्या वापरलेल्या अस्सल नाण्यावरून ठसा उतरवला त्याची ती झीज, ठशाबरोबर इथे आली. गरुडाच्या छातीवरच्या ढालीतही हेच. घोडेस्वार सेंट जॉर्जचा नुसता गोळा दिसतो, पण त्या गोळ्याला आरशासारखी लकाकी.

कडेचीही तीच कथा. अस्सल कडेत चकती अक्षरे कोरलेल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये दाबून फिरवली जाई आणि अक्षरे खोल उमटत. तळ सपाट, भिंती सरळ, सगळ्या अक्षरांची खोली जवळपास सारखी. दोन पट्ट्यांचा सांधा जिथे येतो तिथे अक्षरांतले अंतर थोडे कमी-जास्त होते. तो दोष नव्हे, उलट रीतीची खूण आहे. चौथ्याच्या कडेत ‘झोलोत्निका’तली अक्षरे उथळ आणि ‘सेरेब्रा’तली खोल, तळ खरबरीत, आणि कडेभर बारीक समांतर ओरखडे. कंसातली ‘ए. ब.’ ही अक्षरे बहुधा एकाच पट्टीने अनेक सालांच्या नकला काढल्यामुळे आली असावीत. बाबायान्त्स यांची अक्षरे १८९९ च्या आणि १९०६ ते १९१३ च्या रूबलांवर चालतात. १८९८ वर चालत नाहीत, एवढेच पट्टी करणाऱ्याला माहीत नव्हते.

तिसऱ्या नाण्यावरचा शिक्का

ब्रसेल्सच्या नाण्यावर एक गोष्ट चिठ्ठीत नव्हती. झारच्या मानेवर छोटा शिक्का मारलेला: ‘रोमानोव्ह घराण्याची पदच्युती, मार्च १९१७’, अर्थात रशियनमध्ये. क्रांतीनंतर निकोलायच्या रूबलांवर असे शिक्के मारले गेले. ते टांकसाळीचे काम नव्हे, खाजगी हातांचे. त्यांना मागणी आहे आणि म्हणूनच अलीकडच्या काळात मारलेले शिक्केही भरपूर आहेत. नाणे अस्सल, शिक्का कालचा, हा बाजारातला नेहमीचा प्रकार.

पाहायचे ते तीन जागी. शिक्क्याच्या अक्षरांचा तळ आजूबाजूच्या नाण्याइतकाच काळवंडला आहे का? शिक्क्याच्या बाहेर उचलल्या गेलेल्या धातूची धार पुढच्या वापरात गुळगुळीत झाली आहे की बोटाला लागते? आणि नाणे उलटून, शिक्क्याच्या बरोबर मागे, गरुडावर सपाट झालेला डाग आहे का, व त्या डागावरची झाक बाकीच्या गरुडासारखी आहे का? या नाण्यावर मागचा डाग होता, पण तो उजळ होता, आणि अक्षरांचा तळ पांढराफटक. नाण्याने १९१७ आधी इतकी झीज सोसली आणि शिक्का बसल्यावर शंभर वर्षांत त्याला साधी काजळीही धरली नाही, हे पटण्यासारखे नाही. म्हणून किंमत धरली ती शिक्क्याने खराब झालेल्या साध्या ब्रसेल्स रूबलची.

पुढची काळजी

पॅरिसच्या नाण्यावर खाचांत काळपट थर होता, आणि तो ‘काढून टाकावा का’ अशी विचारणा झाली. मुळीच नाही. घरोघरी चांदीची भांडी दंतमंजन, राखुंडी किंवा चिंचेने लखलखीत करायची सवय असते. नाण्याला ती सवय मारक आहे. पूड घासली की बारीक ओरखड्यांचे जाळे पडते, आम्ल लावले की वरचा थर जाऊन नाणे मेल्यासारखे पांढरे दिसते, आणि हे दोन्ही परत भरून येत नाही. चिकट, हिरवट थर असेल तर तो मऊ प्लास्टिकच्या जुन्या पाकिटाचा असतो. तेवढाच शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटे बुडवून काढावा, न घासता ऊर्ध्वपातित पाण्यात खंगाळावा आणि टिपून कोरडा करावा. हे काम खिडकी उघडी ठेवून, आग जवळ नसताना करावे. नेल पॉलिश काढायच्या द्रवात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात, तो वापरू नये. ठेवायला पॉलिएस्टरची कडक पाकिटे घ्यावीत आणि कोकणासारख्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलची पुडी असू द्यावी, पावसाळ्यात ती दर महिन्याला तापवून कोरडी करून.

भारतात राहणाऱ्या संग्राहकाला एक कायदेशीर बाबही पाहावी लागते. १९७२ च्या पुरातन वस्तू आणि कलानिधी कायद्यात शंभर वर्षांहून जुने नाणे पुरातन वस्तू ठरते, आणि अशी वस्तू देशाबाहेर पाठवणे खाजगी माणसाला मना आहे. परदेशी कंपनीकडून प्रमाणपत्र करून घेण्यासाठी नाणे टपालाने धाडावे हा विचार म्हणूनच सोडून द्यावा. रशियातून जुनी नाणी बाहेर आणायलाही तिथल्या कायद्याचे निर्बंध आहेत, तेव्हा खरेदीची पावती आणि नाणे कुठल्या देशातून आले याचा कागद विकणाऱ्याकडून आधीच मागून घ्यावा.

पाकिटांवर काय लिहिले

पहिले: रूबल १८९८, सेंट पीटर्सबर्ग, कड ‘अ. ग.’, १९.९१ ग्रॅम, जाडी २.६२, घनता १०.२९, हलकी झीज, न घासलेले. दुसरे: रूबल १८९८, पॅरिस, कड एक तारा, १९.८७, जाडी २.६०, घनता १०.३२, खाचांत मूळ काजळी, हात लावू नये. तिसरे: रूबल १८९८, ब्रसेल्स, कड दोन तारे, १९.६२, जाडी २.५८, घनता १०.३०, मानेवर १९१७ चा शिक्का, शिक्का अलीकडचा. भाव चारांचा एकत्र नव्हे, तिघांचा वेगवेगळा ठरला. चौथे मोजमापांच्या कागदासह आणि कडेच्या सहा फोटोंसह विक्रेत्याला परत गेले. त्याच्या पाकिटावर लाल शाईने, पुसले जाणार नाही असे, लिहिलेले होते: नक्कल, तांबे-निकेल, घनता ८.९१, जाडी २.९८, कड ‘ए. ब.’, सालाशी विसंगत.